अंबाजोगाई, बातमी नाही

अंबाजोगाईच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली तेव्हा अण्णा, माझे वडील, आमच्या छापखान्यातून तसेच आले, बोटांना शाई. लग्नपत्रिकांची घाई होती. आई रडत होती. अण्णांनी एवढंच विचारलं, "तिकडं छापखाने हायत का न्हाईत?" असतील, म्हटलं. "मग काई काळजी न्हाई," म्हणाले आणि गाडी सुटायच्या आधीच कामाला परत गेले.

नवऱ्याला कॉम्प्युटरची नोकरी लागली होती. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्याकडून बरेच जण असे निघाले. आम्ही अमेरिकेत, मिनेसोटाच्या बर्फात जाऊन पडलो. घरात बसून मला करमेना. शोधलं तर छापखाना नाही, पण एका स्वीडिश साप्ताहिकाचं ऑफिस सापडलं. स्वीडिश येत नसलं तरी पानं लावायचं काम मिळालं.

जमीन पुरेना म्हणून स्वीडन सोडून बोटीने आलेल्या शेतकऱ्यांनी ते शंभरेक वर्षांपूर्वी काढलेलं. काम कुठे आहे, जमीन कुठे मिळते, सगळं त्यांना त्यातूनच कळायचं. पुढे मुलं इंग्रजी शाळेत गेली, नातवंडांना आजोबांची भाषा वाचता येईना. मालक म्हणायचा, इंग्रजीत काढा नाहीतर बंद करू. संपादक एल्साबाई सत्तरीच्या, जन्म अमेरिकेतला. दोन्हीला त्यांचा नकार.

शेवटच्या पानावर स्वीडनच्या एकेका प्रांताचं नाव आणि खाली तिथली बातमी. काही आलं नसलं तरी नाव छापायचंच, खाली 'बातमी नाही'. मी म्हटलं, या जागेत जाहिरात बसेल.

"नाव दिसलं नाही की इकडे असलेली तिथली माणसं फोन करतात, काय झालं म्हणून," एल्साबाई म्हणाल्या. "तू घेणार का ते फोन?"

शेवटी मालकाने बंद करायचं ठरवलंच. अखेरच्या अंकात तळाला थोडी जागा उरली. एल्साबाईंनी विचारलं, "तुझ्या गावचं काय?" मी आदल्याच रविवारी फोन केला होता. अण्णा म्हणाले होते, "नवं काई न्हाई. जेवलीस का?" म्हणून छापलं, अंबाजोगाई, बातमी नाही. एका आजोबांचा फोन आलाच, हा प्रांत उत्तरेचा की दक्षिणेचा? एल्साबाई म्हणाल्या, "बराच दक्षिणेचा."

अंक अण्णांना पाठवला. पोचल्यावर भावाचा फोन आला. "ताई, अण्णा ते पान समद्यांला दाखवायलेत. पर तू फोन केलतास, त्याच्या आधीच आपली जुनी मशीन भंगारात गेलती. पत्रिका आता लोक ऑफसेटवर छापून आणतेत."

"मला सांगितलं कावून न्हाई?"

अण्णांनी फोन घेतला. "तू काय मशीन धराया येनार होतीस?"

एल्साबाई आता नाहीत, अण्णाही नाहीत. मी दोन शहरं बदलली, तरी कुठे बूड टेकत नाही. तिकडच्यांनो, 'समदं ठीक हाय' म्हणून फोन ठेवू नका, मी दुसऱ्यांदा विचारणारच. आणि माझ्यासारखे निघून आलेले असाल तर तुम्हीही विचारा. जिथून 'काही नाही' ऐकलं की माझा जीव खालीवर होतो, तेच माझं गाव.