खंडेनवमीला घासलेल्या काचा

दसरा नुकताच झाला होता. साताऱ्याच्या स्टँडवर एस्ट्यांच्या तोंडावर अजून झेंडूच्या माळा सुकत होत्या. मिरजेच्या गाडीत मला चक्क खिडकी मिळाली. तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण माझा दिवस इतका सरळ कधी सुरू होत नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. काम थोडक्यात असं: काचेच्या पट्टीवर कॅडमियमचा पिवळाधमक थर चढवायचा, पट्टी द्रावणात बुडवायची, ऊन पडलं की वीज. आमच्या सरांनी आदल्या वर्षी अशा पट्ट्यांची एक पेटी आष्ट्याजवळ, ओळखीच्या निवृत्त सुभेदारांच्या गोठ्यावर बसवली होती. वर्षभर ऊन खाऊन थर टिकला असेल, तर माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तयार होतं. नसेल, तर सगळी मेहनत पाण्यात.

कराडला भजी घेतली, तेवढ्यात गाडी हलली आणि चटणी मीटरवर सांडली. कंडक्टर वाकून बघू लागला.

"ह्ये काय हाय वो?"

"वीज मोजायचं मीटर."

"बाई वायरमन पयल्यांदाच बगतोय," तो म्हणाला आणि पुढे सरकला. मी चटणी पुसत बसले. बाहेर दोन्ही बाजूंना नुसता ऊस होता.

आष्ट्याच्या फाट्यावर सुभेदारकाका सायकल घेऊन उभे होते. वाटेत त्यांनी मळा दाखवला. "ह्यो ऊस, त्यो हौद, समदं कृष्णामाईच्या पान्यावर. नदीवरनं पाइप आनलाय." घरी काकूंनी भाकरी, खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि म्हशीचं दही वाढलं. वर दाट दुधाचा चहा. मी दोन कप प्याले आणि मग पेटी बघायला उठले.

पेटी लखलखत होती. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं यथासांग. आत मात्र पिवळं काहीच नव्हतं. काचा आरपार दिसत होत्या.

"काकू, हे काय झालं?"

"लय मळ चढला हुता त्यावर," काकू कौतुकाने म्हणाल्या. "पिवळा राप. चिच आन् राख लावून घासल्या. खंडेनवमीला अवजार मळकं पुजत्यात व्हय?"

काका म्हणाले, "पेटी म्याच खोलली. हत्यार खोलल्याबिगर साफ हुत न्हाई. आतलं पानी पार नासल्यालं, अंड्यावानी वास मारत हुतं. उकिरड्यावर वतलं (ओतलं)."

नांगराचा फाळ, विळे, काकांची संगीन आणि माझं शेवटचं प्रकरण, सगळं एकाच चिंचेने घासलं गेलं होतं. मला हसू येणार होतं, पण एकदम दुसरंच काही सुचलं.

"घासल्या कुठे?"

"हौदात. आनि कुटं?"

हौदाशी दोन म्हशी पाणी पीत होत्या. त्यांच्याच दुधाचा चहा माझ्या पोटात होता. मी धावत जाऊन म्हशींना हौदापासून हाकललं. काकूंना वाटलं, मला ऊन लागलं. मग मी त्यांना सांगितलं, की तो मळ नव्हता, त्यात कॅडमियम होतं आणि ते शरीरात साठलं तर मूत्रपिंडं खराब होतात.

"कितीसं हुतं?" काकांनी विचारलं.

"चिमूटभरही नाही."

"मग एवडं भ्यायला काय झालं?"

"ते टिकतं, काका. कुठेही गेलं तरी नाहीसं होत नाही."

बोलता बोलता माझं मलाच चमकल्यासारखं झालं. टिकतं, एवढंच तर मला प्रबंधात सिद्ध करायचं होतं.

काकूंनी म्हशींकडे बघितलं. मग म्हणाल्या, "इखारी (विषारी) हुतं, तर आमच्या दारात कशापायी लावलंसा? आन् तू बी ह्येच करतीस व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

काकांनी म्हशी दावणीला बांधल्या. मी तळाचा गाळ डब्यात भरून घेतला. उरलेलं पाणी त्यांनी लांब पडीक जागेत खड्डा करून सोडलं आणि मग पाइप लावला. नदीचं स्वच्छ पाणी धो धो पडू लागलं, तेव्हा कुठे काकूंचा चेहरा निवळला. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत चिंचेचा गोळा टाकला. माझ्यावर रागावल्या होत्या, तरीही.

सांगलीत मावशीकडे मुक्काम केला. संध्याकाळी भडंगाचा पुडा घेऊन घाटावर बसले, पण पुडा फोडलाच नाही. समोर कृष्णा शांत वाहत होती, बायका कळशा भरत होत्या.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला उतरले ती तडक कॉलेजात गेले. सरांनी दारातच विचारलं, "काय, टिकला का थर?"

त्यांच्या मागे आमचे शिपाईमामा, नेहमीसारखेच गाणं गुणगुणत, माझी चंचुपात्रं विसळत होते. पिवळं पाणी गोल फिरत मोरीत जात होतं. रोज जायचं. मी रोज बघायचे.

"मामा, हे पाणी पुढे कुठे जातं?"

"नाल्याला. तितनं माहुलीला, कृष्णामाईत."

मी बूच शोधलं, सापडलं नाही, तेव्हा मोरीच्या तोंडावर हातच दाबून धरला.

त्यानंतर मी विषय बदलला. आता बिनविषारी थर बनवते. वीज कमी मिळते, प्रबंध लांबला, सर अजून नाराज आहेत. प्रत्येक नवी काच मी आधी चिंचेने घासून बघते आणि विद्यार्थी हसतात. हसू देत. त्या दिवशी आष्ट्यात आम्ही हौद घासून रिकामा केला आणि पुन्हा भरला, तो आमच्याच मोरीखालून गेलेल्या नदीच्या पाण्याने.