वाढत्या मापाची चप्पल

बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या चपलांच्या दुकानात तो एकदाच आला, पण आला तो लग्नघरातल्या माणसाच्या घाईने. काखेत छोटी उशी, पिशवीत टूथब्रश, टॉवेल, लाल बाटली. मला गिऱ्हाईक उभं राहिलेलं आवडत नाही, पण हा बसायलाच तयार नव्हता.

"दीदी, पोट्टी येऊन राहिली उद्या. पंधरा दिवस."

कोर्टाचा कागद त्याने मला दोनदा दाखवला. घटस्फोटानंतर तीन वर्षं मुलगी त्याला कोर्टातल्या एका खोलीत तासभर भेटायची. आता उन्हाळ्याच्या सुट्टीतले पंधरा दिवस मिळाले होते.

"तिचं सामान ती आणेलच की," मी म्हटलं.

"बॅग घेऊन पाहुणे येतात, दीदी. तिले घरी यायचं आहे."

अंगठा आणि बोट ताणून त्याने पायाचं माप दाखवलं. मुलगी सात वर्षांची, माप मात्र चार वर्षांच्या पायाचं. मी तसं सांगितलं.

"कोर्टात बुटं घालूनच यायची न, पाय कुठं दिसले," तो पुटपुटला. मग शर्ट नीट करून त्याने मुलीच्या आईला फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बारा नंबर लागतो." मग ती म्हणाली, "पण एक नंबर मोठीच घ्या. दिवाळीत तुमच्याकडे येईल तेव्हाही चालेल."

कागदात दिवाळी कुठेच नव्हती. दुकानात आल्यापासून तो पहिल्यांदा स्टुलावर बसला.