बालाघाटातलं सीताफळ आणि समुद्राची वाट

मुंबईहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत सहा पानांचा अहवाल होता, आणि तो वाचून दाखवायची मला अजिबात इच्छा नव्हती.

आमची संशोधन संस्था बंदराच्या अगदी लगत आहे. कोणतं फळ जहाजावरच्या शीतपेटीत किती दिवस टिकतं आणि ते परदेशी पाठवणं परवडतं का, हे तपासण्यात माझी नोकरी सरत आली. गेल्या वर्षी याच कामासाठी मी बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या पुढच्या एका डोंगराळ गावी गेलो होतो. तिथल्या बायकांनी सहकारी संस्था काढून रानातली सीताफळं एकत्र विकायला सुरुवात केली होती. त्यांची फळं तपासणीसाठी घेतली आणि निघताना मी सहज म्हणालो, "चांगलं दिसतंय. जाईल हे जहाजानं."

ते गेलं नाही. शीतपेटीत फळ काळं पडलं आणि बाहेर काढल्यावर पिकलंच नाही. गार न करता ठेवलं, तर जहाज सुटायच्या आतच पिकून फुटलं. आमचे प्रमुख म्हणाले, "नकाराचं पत्र पाठवून द्या." मी पाठवलंही असतं. पण त्याच आठवड्यात बायकांच्या सहकारी संस्थेच्या अध्यक्ष सुमनबाईंचं पत्र आलं. पाऊस झाला नाही, तरी सीताफळ आलंय. जहाजाचं नक्की झालंय असं धरून यंदा आमच्या बायका ऊसतोडीला जाणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. पत्र दोनदा वाचलं आणि रजेचा अर्ज दिला.

नगरपर्यंत रेल्वे, पुढे जामखेडमार्गे एसटी. जामखेड सोडल्यावर थोड्याच वेळात गाडी पंक्चर झाली आणि आम्ही सगळे एका बाभळीच्या तोकड्या सावलीत उभे राहिलो. दोन्ही बाजूंना कापूस गुडघ्याएवढाच राहिला होता, झाडाला एकेक दोनदोन बोंडं. बाजरी तर जनावरांना सोडून दिलेली. शेजारी उभ्या असलेल्या पटकेवाल्या गृहस्थांनी विचारलं, "कुठं चाललाव?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"सीताफळवाल्या बायांकडं? मग सुमनबाईकडंच असाल." त्यांनी तंबाखू मळत माझ्याकडे नीट पाहिलं. "मुकादमाला दारातनं परत लावला तिनं. लई धाडसाची बाई हाय."

मुकादम म्हणजे कारखान्यासाठी ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा. त्याला एकदा नाही म्हटलं की तो दुसऱ्या गावातून माणसं उचलतो, हे मला माहीत होतं. दोन तासांनी गाडी सुरू झाली.

पाटोद्याच्या बाजारात एक कप चहा घेतला आणि जीपमध्ये अंग चोरून बसलो. गाव आलं तेव्हा दुपार कलली होती. भोवतीचे डोंगर उघडे, तांबूस. मधूनमधून सीताफळाचे हिरवे पट्टे. या झाडाला कुणी पाणी घालत नाही आणि त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून दुष्काळातही ते उभं असतं.

"जयभीम, साहेब. या," सुमनबाई म्हणाल्या. त्या पन्नाशीच्या, सडपातळ. दोन एकर कोरडवाहू जमीन, आणि वीस वर्षं ऊसतोडीला गेलेली पावलं. मुलगी अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. त्यांनी हातपाय धुवायला पाणी दिलं. मी सवयीनं तांब्याभर पायांवर ओतलं, मग लक्षात आलं की अंगणात एवढी एकच कळशी भरलेली होती. टँकर दोन दिवसांनी येणार होता.

भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवण झाल्यावर त्या ओसरीवर फळं निवडायला बसल्या. डोळे उघडलेलं (खवल्यांच्या मधल्या भेगा पांढुरक्या झालेलं) फळ एका बाजूला, कच्चं दुसऱ्या बाजूला. मी तिथेच बसून सगळं सांगितलं. अहवाल काढलाच नाही.

त्यांनी हातातलं फळ खाली ठेवलं.

"तुमी म्हणलं हुतं, जाईल."

"म्हणालो होतो. तपासणीच्या आधी म्हणालो, ते चुकलं."

त्यांनी निवडलेली फळं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "हे मला सांगू नका. बायांना सांगा. माझ्या शब्दावर राहिल्यात त्या, पर त्यो शब्द तुमचा हुता."

समाजमंदिरात वीसेक बायका जमल्या. मी उभा राहून बोललो. तोंड कोरडं पडलं होतं, पण पाणी मागायचा धीर झाला नाही. बोलून झाल्यावर कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढची एक तरुण बाई मूल कडेवर घेऊन उठली. "मुकादमाची गाडी अजून शेजारच्या गावात हाय. मी जाते," म्हणाली आणि निघून गेली. तिच्यामागून चारपाच जणी गेल्या.

मग कोपऱ्यातून गयाबाई बोलल्या. त्या संस्थेतल्या सगळ्यात वयस्क. "साहेब, एक विचारू? जहाजच कशाला पायजे?"

"म्हणजे?"

"व्यापारी आमचंच फळ टेम्पोत घालून मुंबईला नेतो. त्याचं काळं पडत न्हाई. मग आमीच नेलं तर कशानं पडल?"

आमच्या संस्थेत समुद्रापलीकडच्या देशांचे तक्ते होते. पाटोद्याहून मुंबईपर्यंतचा रस्ता कुणी तपासायला सांगितला नव्हता, आणि माझ्याही डोक्यात आला नव्हता.

"ते आम्ही पाहिलं नाही, मावशी."

"मग बगा की," गयाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला डोंगरावर घेऊन गेल्या. कोणतं फळ किती कच्चं तोडायचं, खाली कडुनिंबाचा पाला कसा अंथरायचा, देठ वर की खाली, हे त्यांनी दाखवलं आणि मी लिहून घेतलं. भरलेले दोन क्रेट घेऊन मी परत निघालो. कंडक्टर कुरकुरला, शेवटी मागच्या सीटखाली जागा करून दिली. नगरच्या फलाटावर एक क्रेट हातातून निसटला आणि वरचा थर ठेचकाळला. दमलो होतो, तिथेच बसून फुटकी फळं खाल्ली. गोड होती.

बाकीची फळं मुंबईत चौथ्या दिवशी एकसारखी पिकली. एकही काळं पडलं नाही. मी सुमनबाईंना फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मी फडावर हाय, साहेब," त्या म्हणाल्या. फड म्हणजे ऊसतोड चाललेलं शेत.

"तुम्ही? मला वाटलं, तुम्ही तरी राहाल."

"मी राहिले असते तर बाया म्हणल्या असत्या, आमाला धाडून ही घरी बसली. गयाबाई आन् दोघीजणी राहिल्यात. त्यास्नी सांगा फळाचं. त्या धाडतील." मग म्हणाल्या, "इकडं पाणी हाय. आंघोळ हुती रोज. तेवढं बरं हाय."

गयाबाईंना कळवलं. दुसऱ्या दिवशी प्रमुखांपुढे नवा अर्ज ठेवला: पुढच्या हंगामात पाटोदा ते मुंबई या रस्त्यावर सीताफळाची तपासणी. त्यांनी चष्मा काढला. "टेम्पोनं फळ मुंबईला आणायचं. यात संशोधन काय आहे?"

मी अर्ज त्यांच्यापुढे आणखी सरकवला. प्रवासानं पाठ अजून दुखत होती, तरी मी खुर्चीवर बसलो नाही. त्यांनी सही करेपर्यंत टेबलासमोर उभा राहिलो.