नलूला लागलेली भूक

लेकीचे खो-खोचे सामने पाहायला तिच्या शाळेत गेले होते. मैदानावर नुकतंच पाणी शिंपडून फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखल्या होत्या. त्या ओल्या मातीचा वास आला आणि मी एकदम महाल भागातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर जाऊन पोहोचले.

त्या दिवशी अंतिम सामना होता. मी कर्णधार होते आणि माझी धाकटी बहीण नलू शेवटची पळणारी. तिने आणखी थोडा वेळ काढला असता तर कप आमचाच होता. खांबाजवळ वळताना एका मुलीची बोटं तिच्या पाठीला ओझरती लागली. पंचांना ते दिसलं नाही. पण नलू जागीच थांबली आणि म्हणाली, "सर, मी बाद आहे. मले हात लागला."

आम्ही हरलो. मी तिला दंडाला धरून हलवलं. "काहून सांगतलं वं? कोणी पाहिलं होतं का?"

"मागच्या सामन्यात असंच झालं होतं, ताई. तेव्हा मी चूप राहिली," ती रडत म्हणाली. "तेव्हापासून मले घास गिळता येऊन नाही राहिला."

घरी आल्यावर मी रुसून कोपऱ्यात बसले. नलू मात्र पुन्हा पुन्हा वरण-भात मागत होती आणि आई काही न विचारता, खुशीत वाढत होती. तेव्हा मला बहीण निर्लज्ज वाटली होती. आता त्या जेवणाचा हेवा वाटतो.