वहिनींचा डावा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही – पण बसा.

आधी वहिनींबद्दल सांगतो. मला त्यांच्याबद्दलच बोलायला आवडतं.

शोभावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा खडकीच्या कारखान्यात होता, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. मूळचे आम्ही अकोल्याचे. पुण्यात तेव्हा नुकत्याच कॉम्प्युटरच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या. मी मेकॅनिकल इंजिनीअर झालो आणि नोकरी धरली ती सॉफ्टवेअरची. घरात माझा भलताच मान. वहिनी मात्र त्या मानापुढे हसायच्या. म्हणायच्या, "भाऊजी, इंजिन कागदावर छान काढता तुम्ही."

त्या मोटरसायकल चालवायच्या. स्कूटी नव्हे – दादाची नवी फोर स्ट्रोक मोटरसायकल, पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला घट्ट बांधून. क्वार्टरमधल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या. कुणी नाकं मुरडली, तर वहिनी हॉर्न वाजवून हात हलवायच्या. गाडी वळवताना त्यांचं अंग असं सहज झुकायचं, की बघणाऱ्याला वाटावं, यात अवघड ते काय? मी तसं वळायला गेलो आणि दोनदा पडलो.

शहरातल्या एका मोटरसायकल क्लबाने लडाखच्या सफरीसाठी माणसं निवडायचं ठरवलं. जुन्या कात्रज घाटात चाचणी होती. नाव दिलेल्यांत बाई एकच – आमच्या वहिनी. दादा आधी नाहीच म्हणाला. वहिनींनी त्याला आठवडाभर जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. मग हो म्हणाला.

चाचणीच्या आदल्या दिवशी गाडीचं तेल बदलायचं होतं. ते मी अंगावर घेतलं. इंजिनीअर ना मी! वहिनींनी बजावलं, "मोटरसायकलचंच तेल आणा हं, भाऊजी. कारचं नको. आपल्या गाडीत क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात."

मला हे ठाऊक होतं. कॉलेजात शिकलो होतो. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती चांगली, पण ओल्या क्लचच्या प्लेटा त्यामुळे एकमेकींना धरत नाहीत, घसरतात. नीट ठाऊक होतं – हे लक्षात ठेवा.

शनिवार पेठेतल्या दुकानात गेलो, तर मालक शटर ओढत होते. "आता चारनंतर." मी म्हटलं, एकच डबा हवाय. ते म्हणाले, "मग एकदाच या. चारनंतर." मला राग आला. ऊन होतं. चारला मित्रांबरोबर सिनेमा ठरला होता. आणि घरी माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या कारसाठी आणून उरलेला परदेशी तेलाचा डबा पडून होता, चकचकीत, महागडा. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ओल्या क्लचच्या दुचाकीत वापरू नये. वाचलं मी. आणि ओतलं.

का? एवढ्याने काय होतंय – असंच काहीसं मनात असावं. चक्कर मारून पाहिली, तर इंजिन लोण्यासारखं चालत होतं. वहिनींनी विचारलं, "तेच आणलंत ना?" मी हो म्हणालो.

सपाटीवर काही कळलं नाही. घाटात चढ लागला तेव्हा कळलं. इंजिन ओरडत होतं आणि गाडी पुढे सरकत नव्हती. तिसऱ्या वळणावर जळका वास आला. वहिनी उतरल्या. हेल्मेट काढलं, गाडीच्या टाकीवर हात ठेवला – आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. क्लबाचे एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो बाई, क्लच दाबून ठेवायचा नसतो. हे काही शिलाई मशीनचं पेडल नाही." लोक हसले. दादाही कसनुसा हसला.

मी तिथेच होतो. दहा पावलांवर. तेव्हा तोंड उघडलं असतं तर?

उघडलं नाही. उलट घरी आल्यावर मेकॅनिकने बघायच्या आत मी ते तेल काढून टाकलं आणि डबा गटारापलीकडच्या उकिरड्यावर फेकला. मेकॅनिकने काळ्या पडलेल्या प्लेटा दाखवल्या आणि तोही तेच म्हणाला – क्लच अर्धवट दाबून चालवली.

वहिनी सफरीला गेल्या नाहीत. मला वाटलं, आता गाडी सोडतील. पण त्यांनी रडगाणं गायलं नाही. दर सुट्टीच्या दिवशी मार्केट यार्डाच्या रिकाम्या रस्त्यांवर जायच्या आणि फक्त क्लच सोडायचा सराव करायच्या. क्लच डाव्या हाताने दाबायचा, म्हणून स्वयंपाक करताना डाव्या मुठीत रबरी चेंडू दाबत राहायच्या. नसलेली चूक सुधारायला एवढी मेहनत! मी समोर बसून जेवायचो.

पुढे त्या बायकांना गाडी शिकवू लागल्या. नर्सा, शिक्षिका, मग हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुली. शेकड्यांनी शिकल्या असतील. माझी मुलगीही त्यांच्याकडेच शिकली. ती गाडी चालवते तेव्हा मला तिच्यात वहिनी दिसतात, आणि अभिमानाने ऊर भरून येतो. त्या अभिमानावर माझा काय हक्क?

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. अंगणात एक तरुण मुलगी रडत बसली होती. चढावर तिची गाडी बंद पडली होती, मागचे लोक काहीबाही बोलले होते. वहिनी तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. "अगं, मी तर भर घाटात, शंभर लोकांसमोर क्लच जाळला होता. विचार या भाऊजींना, तेव्हा तिथेच होते. चूक माझीच होती. मान्य केली, म्हणून पुढे शिकता आलं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

क्लच त्यांनी जाळला नव्हता. मी जाळला.