करंडी लॉटमधली नव्हती

हॉल साहेबांनी चाकू मागितला तेव्हा मला वाटलं, त्यांना आंबा खायचा आहे. मला बरं वाटलं. चार दिवस हा माणूस रत्नागिरीत होता आणि उकडलेली अंडी, टोस्ट आणि सोडा यांपलीकडे त्याने कशाला हात लावला नव्हता. मी खानसाम्याला चाकू आणि बशी आणायला सांगितलं.

"मोठा आणा," हॉल म्हणाले. "लाकूड तोडायचा असेल तर तो."

म्हणजे कोयता. आंबा खायला कोणी कोयता मागत नाही. कोयता लागतो तो कोय फोडायला.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, सकाळच्या चहाच्या टेबलावर, त्यांनी आदल्या दिवशी भेट आलेल्या करंडीतले आंबे एकेक करून कापले. गर बाजूला सारला, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोय पुसली, उभी धरली आणि फोडली. पहिल्या तीन कोयी स्वच्छ निघाल्या. चौथीत चवळीच्या दाण्याएवढा करडा भुंगेरा बसला होता. जिवंत होता. उजेड लागल्यावर पाय हलवायला लागला.

हॉलनी खिशातून काचेची नळी काढली, भुंगेरा तिच्यात घातला आणि बूच लावलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आय अॅम सॉरी."

मी तेव्हा सरकारी पीक संरक्षण कार्यालयात कीटकशास्त्राचं काम पाहत होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हॉल हे त्यांचं खरं नाव नव्हे आणि त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. श्रीमंत देश होता एवढं पुरे. त्या देशात आपला हापूस जात नव्हता. कारण हा भुंगेरा.

आंबा सुपारीएवढा असताना मादी सालीवर अंडं घालते. अळी आत शिरते, गरातून वाट काढत कोयीत जाऊन राहते. वाट मागे भरून येते. त्यामुळे आंबा बाहेरून सोन्यासारखा, गर गोड, आणि आत बिऱ्हाड. खाणाऱ्याला काही होत नाही. पण भुंगेरा जिवंत पोहोचला तर तिकडच्या झाडांवर पसरेल, ही त्यांची भीती. भीती खोटी नव्हती. मी त्याच विषयाची माणूस, मी कशाला खोटं म्हणू? त्यांच्या देशात आंब्याची झाडं किती, असं मी एकदा हॉलना विचारलं होतं. "एका कोपऱ्यात थोडी आहेत," ते म्हणाले.

त्यांनी अट घातली होती. एक बाग निवडा. तीन हंगाम तिथे एकही भुंगेरा सापडता कामा नये. मग आमचा निरीक्षक येईल, त्या बागेतल्या मालाचं सॅम्पल स्वतः तपासेल, आणि मग ट्रायल म्हणून एक लॉट पाठवायची परवानगी मिळेल. लॉट म्हणजे एका बागेतला, एका वेळी उतरवलेला माल. निरीक्षकाचं विमान, हॉटेल, भत्ता, सगळा खर्च आपल्याकडे. अटी त्यांनी लिहिल्या, आपण टाइप केल्या. वाटाघाटी झाल्या असं फाइलीत नमूद आहे.

बाग निवडली ती धोंडूतात्या शितपांची, पावस रस्त्याला कातळावरची. तात्या साठीचे, काटक, बोलायला मिश्कील. आसपासच्या आठ-नऊ बागायतदारांची त्यांनी सोसायटी केली होती. मुंबईच्या बाजारात त्यांचा आंबा दलालाच्या नावाने विकला जायचा, याचं त्यांना फार लागायचं. पेटीवर गावाचं नाव इंग्रजीत छापायला त्यांनी पत्र्याचा साचा आधीच करून घेतला होता. "बाई, आंबा जाव दे नि राहू दे," मला म्हणायचे, "गावाचा नाव तरी विमानात बसूदे."

तीन वर्षं त्या माणसाने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. गळलेली फळं रोज वेचून जाळायची. खोडाच्या सालीत भुंगेरे दडतात म्हणून खोडं खरवडून फवारायची. आणि बाठे, म्हणजे कोयी, बागेत टाकायच्या नाहीत. आंबे उतरवणाऱ्या गड्यांना एखादा आंबा खायची मुभा असते, ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. खायचा आणि बाठा भिरकवायचा. तात्यांनी झाडांखाली झाकणाचे पत्र्याचे डबे ठेवले आणि बाठा डब्यात टाकायचा नियम केला. गडी हसायचे. "तात्यांनी बाठ्यांची पण हजेरी लावलान," म्हणायचे. संध्याकाळी तात्या स्वतः डबे रिकामे करायचे आणि बाठे मला पोत्यात भरून पाठवायचे. ते मी फोडायचे. तीन हंगाम मी कोयी फोडल्या. माझा उजवा अंगठा अजून पाऊस यायच्या आधी दुखतो. भुंगेरा एकही मिळाला नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगते. बागेच्या वरच्या अंगाला, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडे, एक जुनं हापूसचं कलम होतं. ते राखणदाराचं. राखणदार म्हणजे जागेची राखण करणारं दैवत. आमच्याकडे जुन्या जागेला तो असतोच, आणि त्याचं देणं त्याला द्यावं लागतं. त्या झाडाला फवारा मारायचा नाही, त्याचं खोड खरवडायचं नाही, त्याचा आंबा विकायचा नाही. पहिली फळं राखणदाराला, उरलेली घरी आलेल्या पाहुण्याला. नकाशा काढायला मी गेले तेव्हा तात्यांनी हे सांगितलं आणि गप्प राहिले. मीही गप्प राहिले. मी मूळची गुहागरची. आमच्याही वाडीत असं एक झाड आहे. त्याला फवारा मारा असं सांगायला माझी जीभ वळली नाही. मी बागेची हद्द गडग्यापर्यंत दाखवली आणि ते झाड नकाशात हद्दीबाहेर ठेवलं. कागदावर सगळं बरोबर होतं.

हॉल आले. सॅम्पल त्यांनी स्वतः निवडलं. झाडं स्वतः दाखवली, पेट्या स्वतः उघडल्या. दोन दिवस ते आणि मी बागेच्या पडवीत बसून कोयी फोडत होतो. एकही वाईट निघाली नाही. शेवटची कोय फोडल्यावर त्यांनी तात्यांशी हात मिळवला. तात्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आम्ही निघताना जीपमध्ये एक करंडी आली. वर भाताचा पेंढा, आत दोन डझन आंबे. तात्या म्हणाले, "पावन्यांना. राखणदाराच्या झाडाचे हत. पावना रिकामा जाव नये." मी ऐकलं. थांबवायला हवं होतं. पण पाहुणा तीन वर्षांच्या मेहनतीनंतर आलेला, परीक्षा झालेली, आनंदाचा दिवस. दाराशी आलेल्या माणसाच्या हातातली भेट काढून घ्यायची कशी? करंडी विश्रामगृहावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलनी कोयता मागितला.

"हा आंबा लॉटमधला नाही," मी म्हटलं. "हद्दीबाहेरच्या झाडाचा आहे. भेट आहे."

"मला माहीत आहे. तुमच्या ड्रायव्हरने काल सांगितलं."

"मग कापलात कशाला?"

"कारण पेंढ्यात होते. आमच्याकडे पेंढा चालत नाही, म्हणून पाहिलं." मग म्हणाले, "मॅडम, भुंगेऱ्याला तुमचा नकाशा वाचता येत नाही."

हे त्यांचं खरं होतं. ते झाड बागेपासून शंभर पावलांवर होतं. मला राग आला तो स्वतःचाच जास्त.

तेवढ्यात आमचे देसाई साहेब आले. मुंबईहून आलेले वरिष्ठ, या दौऱ्याचे प्रमुख. त्यांनी नळी पाहिली आणि खुर्चीत बसले. मी म्हटलं, "अजून सॅम्पल घ्या. दुप्पट घ्या. सगळा लॉट फोडू. बागेत असेल तर सापडेल."

हॉल शांतपणे म्हणाले, "माझं परतीचं विमान उद्याचं आहे. पुन्हा यायचं तर नव्याने विनंती करावी लागेल. पुन्हा तीन हंगाम."

"पण तुमच्याच नियमात लिहिलंय, निर्णय लॉटवरून घ्यायचा."

"परवानगी द्यायला लॉट लागतो," ते म्हणाले. "नाकारायला शंका पुरते."

ते हे उद्धटपणे म्हणाले नाहीत. शाळेत मास्तर गणित सांगतात तसं सांगितलं. मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मी ती बोलून दाखवली. नोकरीच्या सुरुवातीला मी मुंबई बंदरात होते. परदेशी गव्हाच्या एका बोटीत मला नको त्या तणाचं बी सापडलं. बोट त्यांच्याच देशातली. मी रिपोर्ट दिला. वरून उत्तर आलं, लोकांना गहू हवाय, माल सोडा. माल सुटला.

"तुम्ही थांबवायला हवा होता," हॉल म्हणाले.

"थांबवला असता तर?"

ते थोडं हसले. "तर आमचे लोक तुमच्या दिल्लीला बोलायला आले असते."

आमचे लोक त्यांच्याकडे बोलायला जाणार नव्हते. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. देसाईंनी दिल्लीला ट्रंक कॉल लावला. लागायला दीड तास गेला. परत आले ते चेहरा पाडून.

"संयुक्त रिपोर्टवर सही करायची आहे," मला म्हणाले. "आजच."

"त्यात काय लिहिलंय?"

"तपासणीदरम्यान जिवंत कीड आढळली."

"तपासणीदरम्यान नाही. चहादरम्यान."

"बाई," देसाई दमलेल्या आवाजात म्हणाले, "दिल्लीत याच पंधरवड्यात त्यांच्याशी मोठ्या विषयावर बोलणी आहेत. मशिनरी आहे, कर्ज आहे. आंबा शेवटच्या पानावर आहे. त्यांना आंब्यावरून वाद नकोय."

"तात्यांच्या तीन वर्षांचं काय?"

"मला विचारू नका. मला कोण विचारतंय?"

मी सही करणार नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणाची घेतली असती. म्हणून मी एक केलं. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर, खाली, माझ्या हाताने परिच्छेद लिहिला: सापडलेलं फळ लॉटमधलं नसून हद्दीबाहेरच्या, फवारणी न केलेल्या झाडाचं आहे; ते भेट म्हणून दिलेलं होतं; लॉटच्या सर्व सॅम्पलमध्ये कीड आढळली नाही. हॉलनी तो वाचला, हरकत घेतली नाही. मग तिसऱ्या पानावर तिघांच्या सह्या झाल्या. मला वाटलं, निदान सत्य कागदावर राहिलं.

दुपारी मी एकटी तात्यांकडे गेले. ते पडवीत पेट्यांवर गावाचं नाव छापत होते. काळी शाई, साचा, ब्रश. सात-आठ पेट्या छापून उन्हात ठेवल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

तात्यांनी ब्रश खाली ठेवला. साचा पुसला, कापडात गुंडाळला. मग म्हणाले, "त्यांनी खाल्लान काय?"

"काय?"

"आंबा वो. राखणदाराचा. खाल्लान काय त्यांनी?"

"नाही तात्या. फोडला फक्त."

"एकपन न्हाय?"

"एकही नाही."

"मग त्यांना कसा कळायचा," तात्या म्हणाले, आणि आत जाऊन माझ्यासाठी कोकमाचं सरबत घेऊन आले. मला रडू आलं ते तेव्हा. भुंगेऱ्यासाठी नव्हे, सरबतासाठी.

दोन महिन्यांनी रिपोर्टची पक्की प्रत कार्यालयात आली. पान दोन नव्याने टाइप केलेलं होतं. माझा परिच्छेद त्यात नव्हता. पान तीन जुनंच, माझी सही जागच्या जागी, शाईसुद्धा तीच. पान कोणी बदललं हे मला कळलं नाही. विचारलं तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही कागदाच्या प्रत्येक पानावर सही करते, बँकेच्या फॉर्मवरसुद्धा. कॅशियर हसतो. आणि दुसरं म्हणजे, तपासायला आलेल्या माणसाला मी घरचं काही खायला देत नाही. निवृत्त झाल्यावर दुसरं सोडलं, पहिलं अजून चालू आहे.

परवानगी तात्यांच्या हयातीत आली नाही. नव्याने विनंती करा, असं पत्र आलं होतं. दिल्लीने ती केली नाही, विषय छोटा होता. सोसायटी हळूहळू पांगली. माझी देवरूखला बदली झाली आणि पावसचा रस्ता सुटला.

काही वर्षांनी मी तात्यांच्या तेराव्याला गेले. मे महिना होता, आंबे उतरवणं चालू होतं. बागेत गडी झाडाखाली टेकले होते, एकाने आंबा खाल्ला. मग तो उठला, डब्याचं झाकण उघडलं, बाठा आत टाकला आणि झाकण लावलं. डबा गंजला होता, नवीन बिजागरी बसवली होती. मी विचारलं, हे अजून का करता?

"तात्यांनी सांगितलेला हाय," तो म्हणाला. "सायबांचा कायदा हाय म्हनं. बंद करा असा कोन बोललाच न्हाय."

ते सांगायचं काम माझं होतं. मी तेव्हाही सांगितलं नाही.