हाक मारणारं फंक्शन

सन दोन हजारच्या आसपास मी मुरबाडला भाड्याच्या खोलीत एकटा राहून प्रोग्रामिंगची कामं करायचो. एकदा पडद्यावर फिरणारा ठोकळा काढायचा होता. माउस हलला की माझं फंक्शन, म्हणजे ठोकळा फिरवणाऱ्या सूचनांचा तुकडा, बोलवायचं काम ग्राफिक्सच्या तयार लायब्ररीचं. पण ती जुन्या सी भाषेतली, तिला साधं, सुटं फंक्शनच चाले. माझं होतं क्लासमधलं, म्हणजे ठोकळ्यांच्या साच्यात बांधलेलं, कुठल्या ऑब्जेक्टसाठी, म्हणजे नेमक्या कुठल्या ठोकळ्यासाठी चालायचं ते कळल्याशिवाय न हलणारं. लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर सकाळपासून तीच एरर तोंडावर फेकत होता. मी त्याला मोठ्याने शिव्या घातल्या. ऐकायला कुणी नव्हतंच.

वैतागून खाली किराणा दुकानात चहापत्ती आणायला गेलो. तेवढ्यात तिथला फोन वाजला. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि गल्लीत डोकं काढून ओरडला, "मावशी, पोराचा फोन हाय गो!" अख्ख्या गल्लीने नातेवाइकांना हाच नंबर दिलेला. मीही दिला होता, पण माझ्या नावाची हाक कधी आली नव्हती.

मी तसाच वर धावलो. क्लासबाहेर एक साधं फंक्शन लिहिलं. लायब्ररीने त्याला बोलवायचं आणि त्याने, आधी सांगून ठेवलेल्या पत्त्यावरून, माझ्या ऑब्जेक्टला हाक मारायची. ठोकळा फिरला! माउस जरा हलला की ऑब्जेक्ट लगेच ओ देत होतं.

कुणाला तरी सांगावं म्हणून परत दुकानात गेलो.

"काय रे, फोन येनार हाय का कोनाचा?" दुकानदाराने विचारलं.

"नाय," म्हटलं. "चहापत्ती राहिली."